‘एक्सायटेड’ इटालियनमध्ये नेण्याआधी एकदा मराठीत म्हणून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातली एक तरुण अनुवादिका एका पर्यटन कंपनीचा मजकूर इंग्रजीतून इटालियनमध्ये करते आहे. गणेशोत्सव बघायला येणाऱ्या इटालियन पाहुण्यांसाठीचा हा मजकूर. मूळ इंग्रजीत ‘एक्सायटेड’ आणि ‘एक्सायटिंग’ हे शब्द सात ठिकाणी आलेत. तिने कोश बघून सगळीकडे ‘एच्चितातो’ आणि ‘एच्चितान्ते’ लिहिलं. तिकडच्या मुद्रितशोधक बाईंनी सातही ठिकाणी लाल रेघ मारून मजकूर परत पाठवला आणि कारण काही लिहिलं नाही. तिचं म्हणणं, कोशात पहिला हाच शब्द दिलाय, मग चुकलं कुठे? आणि आता लिहू काय?

मी २३ वर्षं पुण्यात इटालियनचा अनुवाद आणि दुभाषाचं काम करतो आहे. या एका शब्दाने मला जितकं शिकवलं तितकं क्वचितच दुसऱ्या कुठल्या शब्दाने शिकवलं असेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कारण सांगतो, कारण ते तुम्हाला ठाऊक आहे, फक्त त्या बाजूने तुम्ही बघितलं नाही. ‘आय ॲम व्हेरी एक्सायटेड’ हे वाक्य मराठी कोशात जाऊन बघा. ‘उत्तेजित’ हा शब्द मिळेल. आता आत्याला फोन करून ‘आत्या, तू येणार म्हणून मी खूप उत्तेजित आहे’ असं म्हणाल का? नाही म्हणणार. जीभच उचलणार नाही. ‘एच्चितातो’चं अगदी हेच आहे. माणसाने स्वतःबद्दल ‘सोनो एच्चितातो’ म्हटलं, आणि बाईने ‘सोनो एच्चिताता’ म्हटलं तर आणखीच, की ऐकणाऱ्याच्या मनात आधी शरीराची कामुक अवस्था येते. पुढच्या शब्दांवरून तो खरा अर्थ लावून घेतो, पण तोवर वाक्य हातचं गेलेलं असतं.

हे साम्य इथेच थांबत नाही. ‘उत्तेजित’ अवघड असला तरी त्याच्या घरातले बाकीचे शब्द आपण सर्रास वापरतो. शाळेच्या चित्रकला स्पर्धेत ‘उत्तेजनार्थ बक्षीस’ असतं, खेळाडूंची ‘उत्तेजक द्रव्य’ चाचणी होते. इटालियनमध्येही ‘सोस्तान्झे एच्चितान्ती’ म्हणजे उत्तेजक द्रव्यंच, आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकात अणू बिनधोक ‘एच्चितातो’ असतो. जमाव बिथरला, चेकाळला, तर तोही ‘एच्चितातो’. म्हणजे शब्द वाईट नाही. तो ‘मी’च्या तोंडी आला की बिघडतो. तुमचा कोश खोटं सांगत नव्हता, पण कोश शब्दासमोर शब्द ठेवतो, तो कोणाच्या तोंडी जाणार आहे हे त्याला माहीत नसतं.

मी हे शिकलो ते चाकणला. एका कारखान्यात इटलीहून नवं यंत्र आलं होतं आणि ते बसवून द्यायला तिघं तंत्रज्ञ. स्वागताला कारखान्यातला एक तरुण इंजिनिअर उभा राहिला. त्याने रात्रभर पाठ करून इटालियनमध्ये चार वाक्यं तयार केली होती. पहिलंच वाक्य होतं, ‘सिआमो मोल्तो एच्चिताती दी आवेर्वी क्वी.’ तिघांतले सर्वांत वयस्कर गृहस्थ खाली चहाच्या कपाकडे बघायला लागले. धाकटा खिडकीकडे. कोणी हसलं नाही, कोणी काही बोललं नाही, टाळ्यासुद्धा नीट वाजल्या. पण त्या मुलाला काहीतरी चुकल्याचं कळलं. उरलेली तीन वाक्यं त्याने इतक्या खालच्या आवाजात म्हटली की शेवटचं मलाही ऐकू आलं नाही. मी दुभाषा म्हणून शेजारीच उभा होतो. आदल्या दिवशी भाषण मागून वाचलं असतं तर ‘सिआमो फेलीची दी आवेर्वी क्वी’, तुम्ही आलात याचा आम्हाला आनंद आहे, एवढा एकच शब्द बदलायचा होता. त्या दिवसापासून स्वागताचं भाषण आदल्या संध्याकाळी हातात आल्याशिवाय मी काम घेत नाही.

आता ‘त्याऐवजी काय’ हा प्रश्न. इथे बहुतेक जण ‘एच्चितातो’च्या जागी दुसरा एकच शब्द शोधतात आणि तो सातही ठिकाणी बसवतात. तसा शब्द नाही. इंग्रजीने एका ‘एक्सायटेड’मध्ये चार-पाच वेगळ्या अवस्था कोंबल्यात. इटालियनमध्ये त्या वेगळ्या आहेत आणि मराठीतही वेगळ्या आहेत. म्हणून माझी पद्धत अशी: इंग्रजी कागद उलटा ठेवायचा आणि ती गोष्ट आपण घरात कशी म्हणू ते मोठ्याने म्हणायचं. मराठी वाक्य तोंडातून आलं की इटालियन शोधणं सोपं जातं, कारण या बाबतीत दोन्ही भाषा इंग्रजीपेक्षा एकमेकींना जास्त जवळच्या आहेत.

समजा गोष्ट पुढे व्हायची आहे आणि मन तिकडे धावतंय. आपण म्हणतो, ‘कधी एकदा गणपती येतात असं झालंय.’ इटालियन म्हणतो, ‘नॉन वेदो लोरा’, शब्दशः ‘मला ती घटका दिसत नाही’. दोन्हीकडे नजर घड्याळाकडेच. व्याकरण तेवढं सांभाळा. जो आतुर आहे तोच पुढची क्रिया करणार असेल तर ‘दी’ आणि क्रियापदाचं मूळ रूप: ‘नॉन वेदो लोरा दी पार्तीरे’, कधी एकदा निघतो असं झालंय. दुसरं कोणी ती क्रिया करणार असेल तर ‘के’ आणि क्रियापदाचं ‘कोन्जुन्तीवो’ रूप, म्हणजे इच्छा-शक्यता दाखवणारं रूप: ‘नॉन वेदो लोरा के आर्रीवी लेस्ताते’, कधी एकदा उन्हाळा येतो असं झालंय. (आपण पुण्यात बसून उन्हाळ्याबद्दल असं म्हणणार नाही, पण तिकडची थंडी काढलेल्या माणसाला विचारा.) हा वाक्प्रचार फार कामाचा आहे आणि म्हणूनच नवखे अनुवादक तो सगळीकडे टाकतात. गोष्ट घडून गेली असेल किंवा आत्ता चालू असेल तर तो चालत नाही.

त्याच्याच जवळचा दुसरा, ‘नॉन स्तो नेल्ला पेल्ले’. पेल्ले म्हणजे कातडी. मी माझ्या कातडीत मावत नाहीये. आपला आनंद गगनात मावत नाही, त्यांचा कातडीत मावत नाही. आपल्यासारखंच हे नकारातच बोललं जातं. ‘माझा आनंद गगनात मावतो’ असं जसं कोणी म्हणत नाही, तसं ‘स्तो नेल्ला पेल्ले’ असंही कोणी म्हणत नाही.

गोष्ट अगदी दारात उभी असेल, आनंदही आहे आणि छातीत धडधडतंय, तर शब्द ‘एमोत्सिओनातो’. बाई बोलत असेल तर ‘एमोत्सिओनाता’. या एका शब्दावर मी जरा थांबणार आहे, कारण इंग्रजी वाचणारा माणूस त्याला ‘इमोशनल’ समजून घाबरतो आणि टाळतो.

एरंडवण्यातल्या एका कार्यालयात लग्न होतं. मुलगी इथली, मुलगा इटालियन, आणि त्याच्याकडची वीस-बावीस माणसं आलेली. मुलीच्या आईने दोन शब्द बोलायचे होते. भाच्याने तिला इंग्रजीत लिहून दिलं होतं, ‘आय ॲम व्हेरी एक्सायटेड टु वेलकम यू’, आणि ते मी इटालियनमध्ये सांगायचं. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, ‘वहिनी, हे कागदावरचं राहू दे. तुम्हाला आत्ता काय होतंय ते मराठीत सांगा.’ त्यांनी पदराने कपाळ टिपलं आणि म्हणाल्या, ‘काय सांगू हो, सकाळपासून छातीत नुसतं धडधडतंय. बरं वाटतंय आणि रडूही येतंय.’ मी पाहुण्यांकडे वळून तेवढंच म्हटलं, ‘सोनो एमोत्सिओनातिस्सिमा.’ मुलाची आई उठली, पुढे आली आणि वहिनींचे दोन्ही हात धरून म्हणाली, ‘आंके इओ.’ मीसुद्धा. त्याचा अनुवाद करायची गरज पडली नाही.

वहिनींच्या त्या दोन वाक्यांतली धडधड, बरं वाटणं आणि रडू हे सगळं ‘एमोत्सिओनातो’त मावतं. परीक्षेला जाणारा, पहिल्यांदा विमानात बसणारा, रंगमंचाच्या विंगेत उभा असलेला, सगळे ‘एमोत्सिओनाती’. धडधडीत आनंदाचा भाग नसेल, नुसतीच घालमेल असेल, तर ‘आजितातो’. डोळ्यांत पाणीच आलं असेल तर ‘कोम्मोस्सो’, गहिवरलेला. या तिघांत गल्लत करू नका, वाचणाऱ्याला लगेच खटकते.

उच्चाराचंही इथेच सांगतो, कारण आपल्याला त्यात फायदा आहे. ‘एमोत्सिओनातो’मधला ‘त्स’ म्हणजे आपल्या ‘चमचा’तला च, आणि ‘एच्चितातो’मधला च म्हणजे ‘चहा’तला च. हे दोन वेगळे च मराठी माणसाला कोणी शिकवावे लागत नाहीत.

तिसरी अवस्था म्हणजे हुरूप. नवं काम मिळालंय, कल्पना आवडलीय, माणूस बाह्या सरसावून बसलाय. तिथे ‘एन्तुझिआस्ता’. हा शब्द मुळात ग्रीक: ‘एन’ म्हणजे आत आणि ‘थेओस’ म्हणजे देव. ज्याच्या आत देव आलाय तो. आपल्याकडे अंगात येणं म्हणतात ते शब्दशः हेच, फक्त त्यांच्याकडे झिजत झिजत शब्दाचा अर्थ हुरुपापर्यंत उतरला. कामाच्या पत्रव्यवहारात, विद्यापीठाला लिहायच्या अर्जात ‘आय ॲम एक्सायटेड टु जॉइन’ असतं तिथे ‘सोनो एन्तुझिआस्ता दी’ हेच योग्य. पुण्यातून मिलान-तोरिनोला शिकायला जाणाऱ्या मुलांचे अर्ज माझ्याकडे येतात, त्यांत मी बहुतेक वेळा हाच शब्द घालतो.

या शब्दाचा आणखी एक गुण अनुवादकाने लक्षात ठेवावा. एकवचनात तो पुरुषाला आणि बाईला सारखाच असतो, शेवटचा ‘आ’ बदलत नाही. संकेतस्थळावर वाचणारी व्यक्ती बाई की पुरुष हे आपल्याला माहीत नसतं. ‘एमोत्सिओनातो’ लिहिलं की निम्म्या वाचकांना ते चुकीचं. मराठीत ‘आलात का?’ म्हणून आपण आदरार्थी बहुवचनात सुटतो, तिथे तशी सूट मिळत नाही, बहुवचनालाही लिंग आहेच. म्हणून अशा जागी ‘एन्तुझिआस्ता’ एकवचनात, किंवा ‘नॉन वेदो लोरा’, किंवा नुसतं ‘के एमोत्सिओने!’ ज्यात लिंगाचा प्रश्नच येत नाही.

चौथी अवस्था, बातमी कळली आणि माणूस हरखला. इंग्रजी इथे ‘थ्रिल्ड’ही म्हणतं. तिथे साधं ‘फेलिचीस्सिमो’ पुरतं, किंवा ‘आल सेत्तिमो चेलो’, सातव्या स्वर्गात. माझा आवडता मात्र ‘आन्दारे इन ब्रोदो दी जुज्जोले’. जुज्जोले म्हणजे बोरं. आपण संक्रांतीला बोरन्हाण घालतो त्या बोराची तिकडची जात. आनंदाने माणूस बोरांच्या रसात विरघळतो! जुन्या कोशांत इथे ‘सुच्चोले’, म्हणजे उकडलेली चेस्टनटं होती, पुढे बोलण्यात बोरं आली. फ्लॉरेन्सच्या क्रुस्का अकादमीने १६१२ साली कोश काढला, तेव्हापासून असे शब्द नोंदवून ठेवायची तिथे परंपरा आहे. क्रुस्का म्हणजे कोंडा. भाषेचं पीठ चाळून कोंडा बाजूला काढायचा ही त्यामागची कल्पना. बोरांचा वाक्प्रचार घरगुती आणि थोडा जुन्या वळणाचा आहे. आजीच्या तोंडी शोभेल, कंपनीच्या निवेदनात नाही.

कंपनीच्या निवेदनावरून तुमच्या पहिल्या वाक्याकडे येतो. ‘वी आर एक्सायटेड टु अनाउन्स’ लिहिणाऱ्याला खरं तर काही धडधडत नसतं, ती इंग्रजी व्यवहाराची ठरलेली ओळ आहे. आपल्याकडे तिथे काय लिहितात? ‘कळवण्यास आनंद होतो की’. इटालियनमध्येही ठरलेली ओळ आहे, ‘सिआमो लिएती दी’. तुमच्या पहिल्या जागी ‘सिआमो लिएती दी प्रेझेन्तार्वी’ लिहा आणि पुढे जा.

वस्तूबद्दलचं ‘एक्सायटिंग’ हे वेगळं प्रकरण. तिथे आधी विचारायचं, ही वस्तू माणसाला काय करते? सामना किंवा रहस्यकथा आपल्याला खिळवून ठेवते. इटालियनमध्ये ‘आव्विन्चेन्ते’, म्हणजे बांधून ठेवणारं. श्वास रोखून बघितलेला शेवट ‘कोल फ्यातो सोस्पेसो’ बघितलेला असतो, श्वास टांगून. अंगावर काटा येतो तिथे ‘पेल्ले दोका’, बदकाच्या जातीच्या त्या मोठ्या पक्ष्याची, हंसाची कातडी. वेगाचा थरार ‘ब्रिविदो’. कामाचा प्रकल्प ‘स्तिमोलान्ते’, डोक्याला चालना देणारा. शहर ‘विवाचे’, गजबजलेलं, जिवंत. आणि सवलत, जी तुमच्या चौथ्या वाक्यात ‘एक्सायटिंग ऑफर्स’ म्हणून आली आहे, ती ‘इम्पेर्दीबिले’, चुकवू नये अशी. इटलीतल्या दुकानांच्या पाट्यांवर हाच शब्द दिसतो.

तुमचं तिसरं वाक्य ढोल-ताशाच्या पथकांबद्दल आहे आणि त्यावर मेहनत घ्या. पावसाळ्याच्या तोंडाशी नदीपात्रात सराव सुरू होतो तेव्हा पुलावरून जाताना तो ठेका ऐकलाय ना? लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंना वाडे-इमारती, मधे पन्नास-साठ ढोल, आणि ठोका कानात नाही तर बरगड्यांत ऐकू येतो. याला ‘एच्चितान्ते’ म्हणणं म्हणजे त्याची चवच घालवणं. ‘त्रावोल्जेन्ते’ म्हणा. पुराचा लोंढा माणसाला उचलून नेतो त्या क्रियापदावरून हा शब्द आलाय, आणि इटालियन माणूस तालाबद्दल तो सहज वापरतो: ‘इल रित्मो त्रावोल्जेन्ते देइ ताम्बूरी’. ढोल-ताशा हे नाव मात्र तसंच ठेवा, ‘ताम्बूरी’ समजावून सांगण्यापुरतंच. त्याच परिच्छेदात गणपतीआधीच्या तुळशीबागेच्या लगबगीचं वर्णन आहे. तिथे ‘ला चित्ता ए इन फेर्मेन्तो’ घालता येईल. फेर्मेन्तो म्हणजे आंबवण, पीठ फुगून वर येतं तसं शहर वर येतंय.

दुसऱ्या वाक्यात वाचकाला विचारलंय, ‘आर यू एक्सायटेड?’ जाहिरातीच्या इटालियनमध्ये हा प्रश्न असा विचारत नाहीत. ‘सिएते प्रोन्ती?’ असं विचारतात, तयार आहात ना? मराठी जाहिरातही हेच विचारेल. पाचव्यात तुमचा मार्गदर्शक म्हणतो की विसर्जनाच्या दिवशी दर वर्षी तो ‘एक्सायटेड’ होतो. कसब्याचा गणपती मंडईतून निघतो तेव्हा होतं ते त्याला सांगायचं आहे. ते क्रियापदाने सांगा, ‘मी एमोत्सिओनो सेम्प्रे’. विशेषणापेक्षा क्रियापद इथे जास्त खरं वाटतं, कारण दर वर्षी नव्याने घडणारी गोष्ट आहे ती.

सहाव्या वाक्यावरची लाल रेघ मला मान्य नाही. मोदकांच्या वासाने घरभर नाचणाऱ्या मुलांबद्दलचं ते वाक्य आहे, ‘द चिल्ड्रन आर एक्सायटेड’. मुलं नाताळाच्या आदल्या रात्री झोपत नाहीत, धिंगाणा घालतात, तेव्हा इटालियन आई ‘सोनो एच्चितातिस्सिमी’ म्हणते आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मुलं चेकाळलीत, एवढाच अर्थ. शोधकबाई सात वेळा एकच शब्द बघून वैतागल्या असणार आणि हाही खोडला. त्यांना नम्रपणे विचारा, बहुधा त्या मान्य करतील. नसेल करायचं तर ‘नॉन स्तान्नो नेल्ला पेल्ले’ घाला, तेही तितकंच छान आहे.

दोन शब्दांपासून सावध करतो. ‘एझाल्तातो’ कोशात चांगला दिसतो, पण बोलण्यात तो माथेफिरूसाठी जातो. ‘गाझातो’ तरुण पोरं आपापसांत म्हणतात, आणि त्याचा दुसरा अर्थ स्वतःला फार समजणारा. मित्राला संदेश पाठवताना ठीक, पर्यटकांच्या मजकुरात नको. ‘एलेत्त्रिद्झातो’, वीज संचारलेला, हा मात्र निर्धास्त वापरा. त्याचा भाऊ ‘गाल्वानिद्झातो’ बोलोन्याच्या लुइजी गाल्वानींच्या नावावरून आलाय. अठराव्या शतकात त्यांनी विजेने बेडकाचे पाय हलवून दाखवले आणि १७९१ साली ते प्रयोग प्रसिद्ध केले. संघात चैतन्य आलं, कार्यकर्ते पेटून उठले, अशा जागी तो शोभतो.

मुलं ‘पण परदेशी मालिकांच्या इटालियन आवाजात तर एच्चितातो ऐकू येतं’ असं मला सांगतात. येतं. ओठांच्या हालचालीशी जुळवताना इंग्रजी शब्दाच्या जवळचा शब्द घेतला जातो, आणि अशा भाषेला खुद्द इटालियन लोकांनी ‘दोप्याज्जेझे’ असं वेगळं नावच दिलंय. ती भाषा कानाला ओळखीची असते, पण तशी ती घरात बोलली जात नाही. तुमच्या कंपनीचा मजकूर तसा वाटू देऊ नका.

राहिलं सातवं. एका फोटोखाली नुसतं ‘सो एक्सायटेड!’ असं तुम्ही लिहून पाठवलंय. फोटोत कोण आहे, पाहुणे की कंपनीची माणसं? आणि ती मिरवणुकीला निघालीत की परत आलीत? निघाली असतील तर ‘नॉन वेदियामो लोरा!’, परत आली असतील तर ‘के एमोत्सिओने!’. फोटो पाठवा, मग नक्की सांगतो.